पेप्टाइडच्या तंतूंनी बळकट केलेलं, कुजणारं प्लॅस्टिक : कशासाठी आणि कुणासाठी?

मृण्मयी_प (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या महिन्यात कंपोस्टेबल पिशव्यांच्या धाग्यावर मी 'पेप्टाइडचे तंतू' असा ओझरता उल्लेख केला आणि तिघाचौघांनी विपूत (माझ्या विचारपूस-पानावर) विचारलं, हे काय प्रकरण आहे? एका प्रतिसादात मावणारं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी पुण्यात पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या, पातळ फिल्मवर काम करते, चार वर्षं याच विषयात आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी डोळ्यांना दिसतं ते सांगते. काचेची करंगळीएवढी कुपी, तिच्यात पाणी. दुसऱ्या कुपीत डायफेनिलॲलॅनिन नावाचं पेप्टाइड विरघळवलेलं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ही माळ फक्त दोन मण्यांची आहे, दोन्ही मणी फेनिलॲलॅनिनचे. हा द्रव पिपेटने पाण्यात सोडला की क्षणभर काहीच होत नाही. मग तळापासून धुरकट पांढरं काहीतरी वर चढायला लागतं, आणि थोड्या वेळात कुपी ताकाच्या निवळीसारखी ढगाळ होते. एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सुयाच सुया, खराट्याच्या हिरांसारख्या एकमेकींवर पडलेल्या. साचा नाही, उत्प्रेरक नाही, भट्टी नाही. मी हे कितीतरी वेळा केलंय, तरी कुपी दिव्यासमोर धरायचा मोह अजून सुटत नाही.

असं का होतं? फेनिलॲलॅनिनच्या बाजूला बेंझिनचं कडं असतं, त्याचं पाण्याशी जमत नाही. पाण्यात पडल्यावर ही कडी एकमेकांना बिलगतात आणि पेप्टाइडचे कणे हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्याशी जोडले जातात. एकेक बंध दुबळाच. पण नारळाच्या काथ्याचा एक धागा नखाने तुटतो आणि त्याचाच वळलेला सुंभ विहिरीतून भरली घागर वर आणतो, तसं हे आहे.

तेल अवीव विद्यापीठातल्या मेइटाल रेचेस आणि एहुद गाझित यांनी २००३ मध्ये हे दाखवलं. ते अल्झायमरच्या आजारात मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइडचा अभ्यास करत होते. त्या प्रथिनाच्या जुळणीत कळीचा असलेला सर्वांत छोटा तुकडा शोधता शोधता या दोन मण्यांपाशी पोचले आणि त्याच्या नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, तयार झालेल्या पाहिल्या. २००५ मध्ये या नळ्यांचा ताठपणा मोजला गेला, तो सुमारे १९ गिगापास्कल भरला. तुलनेसाठी, मक्यापासून किंवा उसापासून बनणारं, कुजणारं प्लॅस्टिक पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, तीन-साडेतीनच्या घरात असतं. दोन मण्यांची माळ, कुठलाही पक्का रासायनिक सांधा नाही, आणि साध्या प्लॅस्टिकच्या पाच-सहा पट ताठ.

मग सरळ विचार येतो की सिमेंटमध्ये लोखंडी सळया घालतो तशा या सुया कुजणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये घालाव्यात. मातीची भिंत लिंपताना आजी तिच्यात तूस आणि शेण मिसळायची, तेही हेच. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या नील जोशी यांच्या गटाने हे केलं. त्यांनी वर्तुळाकार पेप्टाइडच्या नळ्या पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या द्रावणात घातल्या, मग विजेच्या दाबाखाली त्या द्रावणाचे बारीक धागे ओढले. नळ्यांचं प्रमाण वजनाने ८ टक्क्यांपर्यंत नेलं आणि धाग्यांचा ताठपणा पाचपट झाला. पण मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जितकं घालाल तितकं बळ असा हिशोब नाही. नळी पॉलिमरमधून उपसून निघायला जो विरोध करते, त्यातून बळ येतं. नळ्यांची गर्दी झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि पॉलिमरला धरायला जागाच उरत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या फिल्म डोळ्यांना सुंदर दिसायच्या, किंचित दुधी, कडेपर्यंत एकसारख्या. म्हणून मी पेप्टाइड वाढवत गेले. एका टप्प्यावर फिल्म पेट्री डिशमधून सोडवतानाच तुकडे पडायला लागले. तुटलेली कड पाहिली तर रव्याच्या लाडवात तुपाची गुठळी राहावी तशा पेप्टाइडच्या गुठळ्या, आणि भेग बरोबर त्यांच्याच कडेने गेलेली. तीन महिने गेले त्यात.

माझं मत आधीच सांगून ठेवते, मग चर्चा करू. ही वस्तू भाजीच्या पिशवीसाठी नाही. तिचं खरं घर शरीरात आहे: हाड जुळेपर्यंत धरून ठेवणारा स्क्रू, जखमेवरची जाळी, पेशींना वाढायला लागणारा सांगाडा. पॅकिंगसाठी हाच विचार वापरायचा असेल तर पेप्टाइड प्रयोगशाळेत जोडत बसण्यापेक्षा दूध किंवा सोयाबीनमधून आलेलं प्रथिन घ्यावं. का, ते प्रश्न येतील तसं लिहिते.

—

साचेवाला

मृण्मयीताई, धागा आवडला. मी भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचं वर्कशॉप चालवतो, वीस वर्षं झाली. २०१८ ची राज्यातली प्लॅस्टिकबंदी आणि मग १ जुलै २०२२ ची देशातली, दोन्ही अंगावर घेतल्या. त्यानंतर पीएलएचे चमचे काढून पाहिले. एका पुरवठादाराने दाणे नीट न वाळवता पाठवले आणि आम्हीही ड्रायर घाईत लावला. चमचे दिसायला झकास, पण बोटाने जरा वाकवला की काडकन दोन तुकडे. दुसरी खेप नीट निघाली तर गिऱ्हाईक म्हणालं, गरम आमटीत चमचा मऊ पडतो. सगळा माल परत आला.

माझा प्रश्न साधा आहे. ही पेप्टाइडची पावडर दाण्यात मिसळून यंत्राच्या हॉपरमध्ये (दाणे ओततो त्या नसराळ्यात) टाकली तर चालेल का? आणि किलोला काय पडेल?

—

मृण्मयी_प

साचेवाला काका, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, कारण दोन्ही दोष मुळात पीएलएच्या स्वभावातले आहेत. पीएलएमधले एस्टर बंध ओलाव्यात तापवले की तुटतात, साखळ्या आखूड होतात, म्हणून ठिसूळपणा आला. आणि ५५ ते ६० अंशांना तो मऊ पडायला लागतो. वाफाळती आमटी त्याच्या बरीच वर असते.

हॉपरचं उत्तर मात्र नाही असंच आहे. तुम्ही पीएलए १८० अंशांच्या पुढे वितळवत असणार. डायफेनिलॲलॅनिनच्या नळ्या १५० अंशांच्या आसपासच बदलतात. रेणूची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, पाणी बाहेर पडतं आणि वर्तुळाकार पेप्टाइड तयार होतं. म्हणजे साच्यात जाईपर्यंत आपण घातलेली वस्तू तीच राहत नाही. म्हणूनच या क्षेत्रातलं बरंचसं काम वितळवून होत नाही. द्रावण ओतून फिल्म करतात किंवा विजेने धागे ओढतात.

दुसरी अडचण द्रावकाची. मी वर "पेप्टाइड विरघळवलेलं" असं सहज लिहून गेले, पण ते बहुतेकदा हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवतात. तो द्रव भराभर उडतो, कातडी आणि डोळे भाजतो, महागही आहे. वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली, हातमोजे घालूनच बाटली उघडायची. पर्यावरणासाठी चाललेल्या कामात असा द्रव वापरताना मला दर वेळी टोचतं, आणि हे लपवून कुणी कौतुक करू नये असं मला वाटतं.

किमतीचं म्हणाल तर लांब पेप्टाइड एकेक मणी जोडत, प्रत्येक मण्यानंतर द्रावकाने धूत बनवतात. रॉबर्ट मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये ही पद्धत दिली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. औषधासाठी ती उत्तम, पण चमच्यासाठी परवडणं शक्य नाही. दोन मण्यांचं पेप्टाइड मात्र मोठ्या प्रमाणावर स्वस्त बनू शकतं, त्याचा पुरावा आपल्या चहाच्या कपात आहे. शुगर-फ्री गोळ्यांतलं ॲस्पार्टेम हे दोन अमिनो आम्लांचंच पेप्टाइड आहे, त्यातलं एक फेनिलॲलॅनिन. ते जगभर हजारो टनांनी बनतं.

—

लीड्सकर_वर्षा

मृण्मयी, मी इंग्लंडमध्ये असते. आईला स्मृतिभ्रंश आहे, नाशकात भाऊ तिचं सगळं करतो. तू अल्झायमरमधल्या प्रथिनाचा तुकडा म्हणालीस तेव्हा पोटात गोळा आला. हीच वस्तू हाडात बसवायची, खाण्याच्या वेष्टनात घालायची? ती शरीरात जाऊन तोच आजार सुरू करणार नाही ना? मला शास्त्र कळत नाही, पण कृपया खरं ते सांग.

—

मृण्मयी_प

वर्षाताई, आईंची काळजी वाटणारच. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याचं उत्तर द्यायला हवं.

अमायलॉइड हे एका आजाराचं नाव नाही. ती प्रथिनांची एक घडी आहे. साखळ्या एकमेकींशेजारी ४.७ ते ४.८ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचल्या जातात, तंतूच्या लांबीला आडव्या. ही रचना क्ष-किरणांनी पहिल्यांदा कुणी पाहिली ठाऊक आहे? तुमच्याच गावात, लीड्स विद्यापीठात, विल्यम ॲस्टबरी यांनी. ते लोकरीच्या धाग्यांचा अभ्यास करायचे. १९३५ मध्ये त्यांना ती उकडलेल्या अंड्याच्या ताणलेल्या पांढऱ्या भागात दिसली. आपण ते रोज खातो.

आपल्या शरीरातही ही घडी कामाला लावलेली आहे. आयआयटी मुंबईचे समीर माजी यांचा २००९ चा शोधनिबंध आहे: पियूष ग्रंथीतली काही हार्मोन्स पेशींत अमायलॉइडच्या रूपातच साठवलेली असतात आणि लागतील तशी सुटतात. त्यांच्याच गटाने पुढे अमायलॉइड तंतूंच्या जेलवर मूळ पेशी वाढवून दाखवल्या.

आता दुसरी बाजू. म्हणून प्रत्येक तंतू निर्धोक, असं म्हणता येत नाही. माळेतले मणी कोणते, तंतू तुटून काय उरतं, ते कुठल्या अवयवात साचतं, हे प्रत्येक पेप्टाइडसाठी वेगळं तपासावंच लागतं. खाद्य प्रथिनांपासून केलेल्या तंतूंची तशी तपासणी झाली आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या राफाएले मेझेंगा यांच्या गटाने २०२३ मध्ये पेशींवर आणि जिवंत प्राण्यांवर ती केली आणि तंतू पचतात, अपाय दिसत नाही असं दाखवलं. आणि डायफेनिलॲलॅनिन तुटलं की फेनिलॲलॅनिन सुटतं, म्हणून फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजे फेनिलॲलॅनिन न पचण्याचा जन्मजात आजार, असलेल्या बाळांसाठी त्याचा विचार वेगळा करायला हवा, जसा ॲस्पार्टेमच्या डबीवर इशारा असतो.

—

लीड्सकर_वर्षा

अंड्याचं वाचून जिवात जीव आला. ॲस्टबरींचं नाव इथे एका इमारतीला आहे, रोज बसमधून दिसतं, आज पहिल्यांदा कळलं ते कोण. आभार.

—

पंचगंगा

कोल्हापूरहून लिहितोय. दुग्ध तंत्रज्ञानात तीस वर्षं काढली. ताई, दुधाच्या प्रथिनाचं म्हणालात त्यावर जरा सविस्तर लिहा. आमच्याकडे चक्का बांधला की पाणी गटारात जातं. पनीरचंही तसंच. ओढ्यात सोडलं तर मासे मरतात, इतका त्याचा ऑक्सिजनवर भार पडतो. त्याचं काही होणार असेल तर मी गावोगाव फिरून सांगेन.

—

मृण्मयी_प

काका, तुमच्या प्रश्नाची वाटच पाहत होते.

व्हेमध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या निथळलेल्या पाण्यात, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन असतं. मेझेंगांच्या प्रयोगशाळेत त्याचं द्रावण आम्ल टाकून सामू २ वर आणतात आणि ९० अंशांवर पाचेक तास तापवतात. त्या उष्णतेत आणि आम्लात प्रथिनाचे तुकडे होतात, म्हणजे पेप्टाइडं सुटतात, आणि तीच एकमेकांना लागून तंतू बनवतात. काही नॅनोमीटर जाड, काही मायक्रोमीटर लांब. पेप्टाइड बनवण्याचा खर्च गाईम्हशींनीच केलेला असतो.

२०१२ मध्ये त्यांनी हे तंतू ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या, पत्र्यांबरोबर रचून फिल्म बनवली. ती दमट हवेत आकार बदलायची, कोरडी झाली की पुन्हा मूळ आकारावर यायची. जठरातल्या पेप्सिनने ती तुटायची आणि तुटताना तिची विद्युतवाहकता बदलायची, त्यामुळे एन्झाइम किती जोरात काम करतंय हे मोजता यायचं. हा निबंध मी एमएस्सीला असताना वाचला आणि या विषयात आले. २०२१ मध्ये त्यांनी व्हेचे तंतू आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारं पॉलिमर मिसळून बायोप्लॅस्टिकच्या फिल्मही केल्या. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने सोयाबीनच्या प्रथिनापासून तशाच घडीची फिल्म केली. द्रावक म्हणून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, फक्त बरंच तीव्र. मी वर ज्या द्रावकाची तक्रार केली त्याच्यापुढे हे किती सौम्य!

—

पंचगंगा

थांबा ताई, इथे एक खोडा आहे. चक्क्यासाठी दूध आपण आधी चांगलं उकळतो. पनीरसाठीही ८५-९० अंशांपर्यंत तापवून मग आम्ल घालतो. एवढं तापवलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतं आणि चक्क्यात किंवा पनीरमध्येच राहतं. त्यानेच तर उतारा वाढतो. खाली निथळतं त्यात साखर, क्षार, आणि तुमच्या कामाचं प्रथिन थोडंच. तुम्हाला हवं ते रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं एन्झाइम, लावून, कमी तापमानावर केलेल्या चीजचं पाणी. झुरिकला ते मुबलक, आपल्याकडे चीजचे मोठे कारखाने मोजकेच.

—

मृण्मयी_प

काका, हे अतिशय मोलाचं सांगितलंत. आम्ही प्रयोगशाळेत शुद्ध प्रथिनाची बरणी उघडतो, त्यामुळे पनीरच्या पाण्यात नेमकं काय उरतं याचा मी विचारच केला नव्हता. म्हणजे गावच्या डेअरीसाठी हा मार्ग थेट नाही. मग आपल्याकडे सोयाबीनकडेच बघायला हवं. लातूरच्या बाजूला तेल काढल्यावर उरणारी पेंड आहे, तिच्यात प्रथिन भरपूर. मी माझं मत तेवढ्यापुरतं बदलते.

—

डॉ_नीलकंठ

नागपूर. अस्थिशल्यचिकित्सक. शरीरातल्या वापराबद्दल थोडं लिहितो.

गुडघ्याचा लिगामेंट पुन्हा बसवताना आम्ही विरघळणारे स्क्रू वापरतो, त्यांतले बरेच पीएलएच्याच घराण्यातले. रुग्णाला वाटतं सहा महिन्यांत गेला. प्रत्यक्षात शुद्ध पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिडचा स्क्रू वर्षानुवर्षं राहतो. मी पाच वर्षांनी दुसऱ्या कारणासाठी उघडलेल्या गुडघ्यात तो हाताला लागलाय. तुटताना लॅक्टिक आम्ल सुटतं, ते एकदम साचलं तर आजूबाजूचं हाड खातं, पोकळी होते. आणि बसवताना पेचकस जरा जोरात फिरला की डोकं मोडतं. टायटॅनियम ११० गिगापास्कल, कठीण हाड १० ते २०, पीएलए तीन-चार. हाडाच्या जवळ जाणारं, पण वेळेवर निघून जाणारं काही मिळालं तर आम्हाला हवंच आहे.

एक शंका. तंतू घातल्यावर ते लवकर विरघळेल की उशिरा?

—

मृण्मयी_प

डॉक्टर, मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे.

पेप्टाइड बंध साध्या पाण्यात जवळजवळ तुटतच नाही, पण प्रथिनं पचवणारं एन्झाइम मिळालं की भराभर तुटतो. पीएलएचं उलट आहे. त्याला पाणी आणि उष्णता लागते, म्हणून औद्योगिक कंपोस्टची चाचणी ५८ अंशांवर करतात आणि घरच्या कुंडीत पीएलएचा पेला वर्षानुवर्षं तसाच दिसतो. आता मध्ये अमायलॉइडची घट्ट घडी आली. ती इतकी दाट असते की एन्झाइमला आत शिरायला जागा मिळत नाही, काही तंतू त्यामुळे चांगलेच चिवट असतात. शिवाय तंतूंच्या आधाराने पीएलएचे स्फटिक बांधले गेले तर पाणी आत जायला वेळ लागतो. म्हणजे बळ आणि विघटन एकाच गाठीला बांधलेलं आहे. गाठ जितकी घट्ट मारू, तितकी सोडवायला अवघड. मणी कोणते निवडायचे हा सगळा खेळ त्यासाठीच.

प्रयोगशाळेत आम्ही प्रोटीनेज के वापरतो. हे एन्झाइम प्रथिनं तर तोडतंच, पण पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिडही कुरतडतं, १९८१ पासून माहीत असलेली गोष्ट आहे. त्यामुळे दोन्ही घटकांची झीज एकाच भांड्यात बघता येते. माझ्या कमी पेप्टाइडच्या फिल्म त्यात आधी कडेने पारदर्शक होतात आणि मग चाळणीसारखी भोकं पडतात. गुठळ्यांच्या फिल्म मात्र चार दिवसांत भुगा. पण तो भुगा म्हणजे विघटन नाही, नुसते तुकडे झालेत. जाहिरातीत या दोन गोष्टींची गल्लत होते, तेव्हा मला फार राग येतो.

—

कापूसवेचा

यवतमाळ. कपाशीवाला माणूस आहे, तुमच्या धाग्यातलं निम्मं समजलं. एवढंच विचारतो, निसर्गात कोणी असा ताठ तंतू बनवतं का? की सगळं प्रयोगशाळेतच?

—

मृण्मयी_प

दादा, तुमच्याच शेतात बनतो! क्रायसोपा तुम्हाला माहीत असेल, मावा खाणारा मित्रकीटक, जाळीदार हिरव्या पंखांचा. त्याची मादी पानावर द्रवाचा थेंब टेकवते, पोट वर उचलते, थेंबाचा धागा ओढला जातो आणि काही सेकंदांत ताठ होतो. त्याच्या टोकावर एक अंडं. त्या देठातलं रेशीम नेमकं याच आडव्या शिडीच्या घडीचं आहे. पार्कर आणि रुडॉल यांनी १९५७ मध्ये ते दाखवलं. जर्मनीत बायरॉइथच्या गटाने २०१२ मध्ये तसा देठ कृत्रिम प्रथिनापासून बनवूनही पाहिला. किड्याचा खरा देठ कोरडा असताना ताठ उभा राहतो, ओला करून ताणला तर कित्येक पट लांबतो, कारण घडी उलगडते.

—

कापूसवेचा

आज सकाळी सहाला धुऱ्यावर गेलो. बायको म्हणे, एवढ्या पहाटे काय शोधता. चौथ्या झाडावर पानाच्या मागे सापडले, सात देठ, केसापेक्षा बारीक, प्रत्येकावर हिरवट पांढरं अंडं. फुंकर मारली, हलले आणि परत उभे. एक देठ चिमट्याने काढला, थुंकी लावून हळूच ताणला. लांबला, ताई. नखाएवढा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा झाला, मग तुटला. वीस वर्षं हे पाहतोय आणि त्याला धरून कधी ओढलं नव्हतं.

बाकीचे सहा तसेच ठेवलेत, मावा आहे त्या झाडावर. अंडी फुटून गेली की रिकामे देठ पानासकट डब्यात घालून कुरिअर करतो. पत्ता विपूत टाका.